खिडकीचा तास

बाईंनी कुणाला "छान बोललीस" म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. फार झालं तर म्हणायच्या, "कळलं." तो एक शब्द मिळावा म्हणून आम्ही नववीतल्या पोरी आठवडाभर तोंडातल्या तोंडात पुटपुटत हिंडायचो. आणि तोही त्या अशा थकल्या आवाजात म्हणायच्या, की आपलं बोलणं समजून घेण्यातच बाईंची सगळी शक्ती गेली असं वाटावं.

मी आता एसटीत वाहक आहे. परळी-माजलगाव रस्त्यावर दिवसातून चार वेळा सिरसाळ्यावरून, म्हणजे आमच्या गावावरून जाते. दिवसभर लोकांशी बोलते, म्हणजे ओरडते. पुढं सरका, सुट्टे काढा, मावशी गाठोडं सीटखाली घ्या. संध्याकाळी घसा बसलेला असतो. घरी कुणी काही विचारलं तर नुसती मान हलवते. अशा वेळी बाई आठवतात. दर वेळी प्रेमानंच आठवतात असं नाही. त्यांच्यासारखी बाई माझ्या गाडीत चढली तर मी तिला पुढच्या फाट्यावर उतरवीन.

तेव्हा आमच्या गावच्या फाट्यावर गाडी थांबली की बाई एक पाय पायरीवर ठेवायच्या, दुसरा जमिनीवर, आणि विचारायच्या, "ही गाडी परळीला किती वाजता पोचते?"

"बसा की म्याडम, पोचती."

"किती वाजता?"

"आता रस्त्याचं काय सांगावं?"

"अंदाजे सांगा."

ड्रायव्हर हॉर्न द्यायचा, आतली माणसं चुळबुळायची, कुणीतरी म्हणायचं, "म्हातारे, चढ की." बाईंचा पाय तिथंच. शेवटी कंडक्टर वैतागून ओरडायचा, "साडेदहा!" मग त्या "कळलं" म्हणून वर चढायच्या. गाडी साडेअकराला पोचली तरी त्याचं त्यांना काही नसायचं. विचारल्यावर माणसानं उत्तर द्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं.

शाळेतल्या बाकी सगळ्या शिक्षिकांना आम्ही मॅडम म्हणायचो. त्यांना बाई. ते त्यांनीच ठरवलं होतं. "मॅडम म्हटलं की मला कुणाच्या तरी लग्नात आल्यासारखं वाटतं," म्हणायच्या. अंगानं बारीक, पन्नाशी ओलांडलेल्या, बारा महिने अंगात एक राखाडी पुरुषी स्वेटर. गाव आष्टीकडचं, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाचं. आमच्या गावात एक खोली घेऊन एकट्या राहायच्या. स्वेटर नवऱ्याचा, असं कुणी म्हणायचं. नवरा नव्हताच, असं दुसरं कुणी. माणूस जरा वेगळं वागलं की त्याच्यामागं काहीतरी गोष्ट असणार असं लोकांना वाटतं. मला बाईंची तशी गोष्ट कधी कळली नाही आणि मी शोधलीही नाही.

त्या खरं तर हिंदीच्या. पण त्या वर्षी वरून परिपत्रक आलं, की नववीला आठवड्यातून एक तास संवाद कौशल्य आणि वक्तृत्वाचा घ्यावा. तो तास कुणालाच नको होता. शनिवारचा शेवटचा तास, पोरांचं लक्ष घराकडं, मास्तरांचं गाडीकडं. मुख्याध्यापकांनी तो बाईंच्या गळ्यात घातला, कारण शनिवारी गावाला जायची घाई नसलेल्या त्या एकट्याच होत्या.

पहिल्याच शनिवारी त्यांनी एकेकाला उभं केलं. पहिला मुलगा सुरू झाला, "आदरणीय व्यासपीठ, मी आज आपल्यासमोर दोन शब्द..." बाईंनी दोन बोटं वर केली. "आदरणीय, व्यासपीठ. झाले दोन. बस."

वर्ग हसला. मी हसले नाही, कारण पुढचा नंबर माझा होता आणि माझीही सुरुवात तीच होती.

मी शाळेची वक्ता होते. तालुक्याच्या स्पर्धेत दोनदा बक्षीस मिळालेलं. भाषण मराठीचे सर लिहून द्यायचे, मी पाठ करायची. कुठं हात वर करायचा, कुठं आवाज रडका करायचा, सगळं ठरलेलं. मी स्त्रीशक्तीवरचं भाषण ठोकलं. बाकांवर टाळ्या पडल्या. बाई टेबलावर कोपर टेकवून माझ्याकडं बघत होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"हो बाई."

"आता सांग."

"काय सांगू?"

"हेच. आत्ता बोललीस ते. इथं माझ्याजवळ बस, हात खाली ठेव आणि मला सांग."

मी जाऊन बसले. तोंड उघडलं. एक वाक्य येईना. पाठ केलेलं हात वर केल्याशिवाय बाहेर पडत नव्हतं आणि दुसरं आत काही नव्हतंच. बाईंनी पाच मिनिटं वाट बघितली असेल. मग म्हणाल्या, "जा. पुढच्या शनिवारी बघू." तेव्हापासून मला त्यांचा राग यायला लागला, तो बरेच दिवस टिकला.

वाट बघणं हे त्यांचं दुसरं वेड. आमच्या वर्गात एक मुलगा कधीच बोलायचा नाही. हजेरीलासुद्धा नुसता उभा राहायचा. बाईंनी त्याला पुढं बोलावलं आणि म्हणाल्या, "तुला वाटेल ते बोल." आणि गप्प बसल्या. दहा मिनिटं गेली. वीस गेली. आम्ही कंटाळून बाकांवर डोकी टेकवली. बाई मात्र त्याच्याकडं बघत बसलेल्या, रागानं नाही, कौतुकानंही नाही, गाडीची वाट बघावी तशा. तास संपायला आला तेव्हा तो म्हणाला, "बाई, मला लघवीला जायचंय."

"कळलं," बाई म्हणाल्या. "जा."

त्याला त्या वर्षीचं पहिलं "कळलं" मिळालं. मला अजून मिळालेलं नव्हतं.

खिडकी आली ती दिवाळीच्या दोनेक महिने आधी. शाळेच्या ऑफिसची जुनी खोली पाडली, तेव्हा निघालेली एक लाकडी खिडकी व्हरांड्यात भिंतीला टेकून पडली होती. गज गंजलेले, मधला एक गज गायब. दर शनिवारी पोरं ती उचलून बाईंच्या टेबलावर उभी करायची. बाई पलीकडं बसायच्या, आम्ही अलीकडं रांग लावायची. प्रत्येकाला एक काम दिलेलं. तुझ्या आजोबांचं नाव रेशन कार्डावरून गेलंय. तुझ्या भावाचा दाखला हवाय. तुझ्या वडिलांना ताप आहे, डॉक्टर आत आहेत.

आणि पलीकडं बसल्या की बाई बाई राहायच्याच नाहीत. मोबाईलमध्ये बघत म्हणायच्या, "सर्वर डाऊन हाय. उद्या या." नाहीतर, "हे माझ्याकडं न्हाई, पलीकडं इचारा." नाहीतर काहीच न बोलता डबा उघडून जेवायला लागायच्या. एक मुलगी पहिल्याच वेळी रडली. बाईंनी पोळीचा घास हातात धरून गजांमधून बघितलं आणि म्हणाल्या, "रड. पण जाऊ नको. रडत रडत विचार."

त्यांचे प्रश्न तीन. कुठल्याही खिडकीपुढं उभं राहा, तीनच विचारायचे. नेमकं काय झालंय? दुसरा काही उपाय आहे का? हे लिहून द्याल का? पाया पडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, आणि उत्तर मिळेपर्यंत हलायचं नाही. "बोलायला शिकायचं म्हणजे स्टेजवर नव्हे ग," एकदा म्हणाल्या. "स्टेजवर काय, समोरचे ऐकायलाच बसलेले असतात. तिथं कुणीही बोलेल."

मी खिडकीत पटाईत झाले. बाईंनी कितीही छळलं तरी मी हलायची नाही. एका शनिवारी दाखला मिळवूनच परतले आणि पलीकडून हळूच आवाज आला, "कळलं."

माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. आणि त्याच तोऱ्यात मी पुढच्या आठवड्यात आईबरोबर दवाखान्यात गेले.

माझे आईवडील ऊस तोडायला जायचे. दिवाळी झाली की टोळी निघायची, ती उन्हं तापल्यावरच परत यायची. तेवढे महिने आम्ही भावंडं चुलतीकडं. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं कोयता म्हणतात. दोघांपैकी एकजण पडलं तर कोयता मोडला. आईचं पोट दोन-तीन वर्षांपासून दुखतंय, एवढंच मला माहीत होतं. वस्तीवरच्या बऱ्याच बायकांनी पिशवी काढून घेतली होती. पिशवी म्हणजे गर्भाशय. आमच्याकडं कुणी तो शब्द वापरत नाही. पिशवी काढली की महिन्याची कटकट नाही, कामाला खाडा नाही, असं सगळ्या बोलायच्या. आईनं ठरवलं, की टोळी निघायच्या आधी आपणही उरकून घ्यावं.

तालुक्याच्या गावी एका खाजगी दवाखान्यात आम्ही गेलो. वडील बाहेर पायरीवर बसले. आत मी आणि आई. डॉक्टरांनी सोनोग्राफीचा कागद उजेडात धरला न धरला आणि म्हणाले, "पिशवी खराब झालीय. ठेवली तर पुढं कॅन्सर व्हईल. परवा उपाशीपोटी या, काढून टाकू."

आईनं मान हलवली. ती उठायला लागली. मी उठले नाही.

"डॉक्टर, नेमकं काय झालंय?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं पहिल्यांदाच बघितलं. "सांगितलं की. खराब झालीय."

"गोळ्यांनी बरं होणार नाही का? दुसरा काही उपाय?"

"कितवीला हायस तू?"

"नववीला."

"मग असं कर, तू इथं बस, मी जातो नववीला." दारात उभ्या असलेल्या बायका हसल्या. कंपाउंडरही हसला.

मी हलले नाही. "हे सगळं लिहून द्याल का?"

हसू थांबलं. डॉक्टरांनी कागद दुमडला आणि आईच्या अंगावर टाकल्यासारखा पुढं सरकवला. "लिहून पाहिजे त्यांनी दुसरीकडं जावं. चला, पुढची बाई."

फाट्यावर जीपची वाट बघत आम्ही उभे होतो. मी आतून फुलून गेले होते. तिन्ही प्रश्न विचारले, आवाज चढला नाही, पाया पडले नाही. आई माझ्याकडं न बघता म्हणाली, "लई शानी झालीस."

"अगं, त्यांनी लिहून द्यायला..."

"तुला कुणी इचारलं व्हतं? कावून बोललीस मधी?"

त्यानंतर तिनं माझ्याशी बोलणंच टाकलं. जेवायला वाढायची, पण ताट ठेवून तोंड फिरवायची.

शनिवारी मी खिडकीपुढं उभी राहून वर्गाला सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांचा आवाज काढून सांगितली. पोरांनी टाळ्या वाजवल्या. बाई खिडकीपलीकडं होत्या, गजांमुळं त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. त्यांनी विचारलं, "आई काय म्हणाली?"

"आई बोलतच नाही माझ्याशी."

"तिला काय होतं नेमकं?"

"पोट दुखतं."

"कुठं दुखतं? कधीपासून? सारखं दुखतं की पाळीच्या वेळी?"

मला यातलं एकही माहीत नव्हतं. मुलांपुढं बाईंनी असं विचारावं याची लाजही वाटली.

बाई उठल्या आणि खिडकीच्या अलीकडं आल्या. "डॉक्टरला तीन प्रश्न विचारलेस," त्या म्हणाल्या. "आईला किती विचारलेस?"

बाई बाकावर बसल्या, माझ्याच बाकावर, मुलीसारख्या. स्वतःशीच म्हणाल्या, "हे माझ्या शिकवण्यात राहिलं." आणि तास संपायच्या आधीच वर्ग सोडला.

रविवारी त्या आमच्या घरी आल्या. आई दारात मुगाच्या शेंगा सोलत बसली होती. मी आतून बघत होते. बाई तिच्यासमोर जमिनीवर बसल्या, सुपातल्या मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलायला लागल्या.

आईनं वर बघितलं. "तुमीच का त्या, बोलाय शिकवणाऱ्या?"

"हो."

"मंग मलाबी शिकवा आता. पोरीला शिकवलं, ती डॉक्टरच्या तोंडाला लागली अन त्यानं मला भाईर काढलं. आता कुठं जाऊ मी? दिवाळी झाली की टोळी निघती."

बाई शेंगा सोलत राहिल्या.

"कॅन्सर व्हईल म्हणला तो. तेवढंच कानात राहिलं बगा. तिला काय, तिनं इचारलं अन मोकळी झाली. झोप माझी उडाली."

बाजेवर बसलेले वडील म्हणाले, "म्याडम, समद्या बायांनी काढली. मंग हिचीच कावून राहावी?"

"तुमी मधी बोलू नका," आई म्हणाली. "मी बोलतीय."

आईनं वडिलांना असं म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. वडील उठून बाहेर गेले. आणि मग आई जे बोलायला लागली ते थांबेचना. पहाटे तीनला उठून उसाच्या फडात जायचं, मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढायचं, तेव्हा ओटीपोटात कसं कापतं. अंगावरून पांढरं जातं, वास येतो, कुणाजवळ बसायची लाज वाटते. फडात आडोसा नाही, पाणी नाही, तेच फडकं दिवसभर. माझ्या धाकट्या भावाच्या वेळेपासून हे सुरू झालंय. मी नववीत होते तेव्हा तो सात वर्षांचा होता. सात वर्षं. "अन माझ्यामुळं टोळी थांबती म्हणून समद्या माझ्याकडं बगत्यात," आई म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

बाईंनी त्या सगळ्या वेळात एक सल्ला दिला नाही. "मग?" एवढंच अधूनमधून म्हणायच्या. सूप रिकामं झालं तरी दोघी तशाच बसून होत्या. उठताना बाई म्हणाल्या, "अंबाजोगाईला मोठा सरकारी दवाखाना आहे. तिथं बाई डॉक्टर असतात. मंगळवारी मी रजा काढते. यायचं की नाही ते तुम्ही ठरवा."

आई लगेच हो म्हणाली नाही. सोमवारी संध्याकाळी मला म्हणाली, "तुझ्या बाईला सांग, येते." आठ दिवसांतलं ते तिचं माझ्याशी पहिलं बोलणं.

दवाखान्यात रांग व्हरांड्याबाहेर गेलेली. आमचा नंबर येईपर्यंत दुपार झाली. दाराशी आल्यावर आईनं बाईंचा हात धरला. "तुमीच सांगा म्याडम. तुमाला समदं ठावं हाय. मला तिथं काय बोलावं ते सुधरत न्हाई."

"मला दुखत नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला दुखतंय."

मी आईबरोबर जायला उठले, तर बाईंनी माझं मनगट धरून मला बाकावर बसवलं. चांगलं घट्ट धरलं होतं. आई एकटी आत गेली. दार लोटलं गेलं. किती वेळ झाला ते माहीत नाही, पण तेवढ्या वेळात बाईंनी माझं मनगट सोडलं नाही आणि त्यांचा स्वतःचा हात घामानं ओला झाला होता.

आई बाहेर आली ती हातात चिठ्ठी घेऊन. मी धावले. "काय म्हणल्या?"

"गोळ्या दिल्यात. तपासाय पाणी काढून घेतलंय. पंधरा दिसांनी बोलावलंय."

"आणि काय म्हणल्या? तू काय सांगितलंस?"

"ते तुला कावून सांगू?" आई म्हणाली, आणि किती तरी दिवसांनी जराशी हसली.

अजून दोन खेपा झाल्या. गाठ नव्हती. जंतू झाले होते, ते गोळ्यांनी आटोक्यात आले. "स्वच्छ पाणी अन आराम, म्हणली डॉक्टरीन," आई चुलतीला सांगत होती. "म्हणलं, बाई, तू लिहून दे, मी उसाला दाखवते." टोळी निघाली तेव्हा ती गोळ्या घेऊन गेली. दुखणं पुरतं गेलं नाही, कमी झालं. पिशवी राहिली. आज तिचे गुडघे गेलेत, पाठ गेलीय, आणि ती म्हणते, "बाकी समदं झिजलं, तेवढी पिशवी हाय शाबूत." यात जिंकलं कोण, मला सांगता येत नाही.

बाईंना मात्र ते जड गेलं. वस्तीवरच्या बायका त्यांच्या खोलीवर यायला लागल्या. आधी एक, मग तीन. बाई प्रत्येकीचं ऐकून घ्यायच्या आणि रजा काढून अंबाजोगाईला न्यायच्या. त्यातल्या एकीला ऑपरेशन खरंच लागणार होतं. तिनं सगळं विचारून घेतलं आणि ते करून घेतलं; तिच्याबरोबरही बाई होत्या. किरकोळ रजा संपल्या, मग पगारी संपल्या. मुख्याध्यापक चिडले. पुढं कुणाचा तरी फोन आला, की तुमच्या शाळेतल्या बाई लोकांना डॉक्टरांविरुद्ध फितवतात. दुसऱ्या सत्रात शनिवारचा तास गणिताच्या जादा वर्गाला दिला गेला. खिडकी परत व्हरांड्यात गेली.

मी तावातावानं बाईंकडं गेले. "तुम्ही मुख्याध्यापकांना का नाही विचारलं?"

"विचारलं की. तिन्ही प्रश्न विचारले."

"मग?"

"तिन्हींची उत्तरं मिळाली." त्या वह्या तपासत होत्या, मान वर केली नाही. "उत्तर मिळालं म्हणजे आपल्या मनासारखं होतं असं थोडंच आहे, बाळ."

त्यानंतर वर्षभरात त्यांची बदली झाली. निरोप समारंभ ठेवला होता. बाईंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या उठल्या, माईकसमोर उभ्या राहिल्या, आमच्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "दमले आता." आणि जाऊन बसल्या. लोकांना तो विनोद वाटला. टाळ्या पडल्या.

गेल्या महिन्यात कळलं, की बाई आष्टीला भाच्याकडं आहेत आणि न्हाणीत पडल्यापासून अंथरुणाला खिळल्यात. साप्ताहिक सुट्टी होती, मी गेले. जायला अर्धा दिवस लागतो. ओसरीवर लोखंडी पलंगावर बाई पडलेल्या, अंगावर स्वेटर नव्हता, गोधडी होती. मला त्यांनी ओळखलं नाही. कुठली शाळा, कोणतं साल, सगळं सांगून झालं. मग मी आईचं सांगितलं, तेव्हा डोळे उघडले. "ती शेंगा सोलत होती ती? कशी आहे?"

"बरी आहे."

"आणि तू?"

"मीपण बरी आहे, बाई."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. पंखा कुरकुरत होता. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, झालं, आता निघावं. पण त्या बघतच होत्या आणि मला उठता येईना.

मी म्हणाले, "बाई, माझं मूल पडलं. चौथा महिना होता."

"मग?"

मग मी सांगायला लागले. दिवस गेल्याचं डेपोत सांगितलंच नव्हतं. हलकी ड्युटी मागता येते, मागायची असते. मी अर्ज लिहिला आणि पर्समध्ये ठेवून महिनाभर हिंडवला. खिडकीपर्यंत गेले, पण साहेब कामात दिसले म्हणून परत आले. त्या रस्त्याला उभ्यानं तिकिटं फाडत राहिले. त्या दिवशी शेवटची फेरी पूर्ण केली, हिशेब दिला, मगच दवाखान्यात गेले. नवऱ्याला वाटतं गाडीच्या धक्क्यांनी झालं. सासूला वाटतं नशिबानं. मी अर्जाचं कुणाला सांगितलेलं नाही. आईलाही नाही. आई तर विचारेल, कावून बोलली न्हाईस म्हणून.

"मग?" बाई अगदी बारीक आवाजात म्हणाल्या.

मी बोलत होते आणि पदराची गाठ मारत होते, सोडत होते. मान वर केली, तर बाईंचे डोळे मिटलेले. श्वास संथ चाललेला. झोप लागली होती त्यांना.

मी थांबले. आधी राग आला, मग तोही गेला. मग जिथं थांबले होते तिथून पुन्हा सुरू केलं. तो अर्ज अजून पर्समध्ये आहे, हे सांगितलं. मुलगी होती असं नर्स म्हणाली, तेही सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं, हात खाली ठेवून, हळू आवाजात.

भाच्याची बायको चहाचे दोन कप घेऊन आली. "झोपल्या व्हय?" ती म्हणाली. "आजकाल असंच करतेत. माणूस लांबून येतं अन या झोपतेत. तुमचं बोलणंच झालं न्हाई."

"झालं," मी म्हणाले.

तिनं बाईंचा कप परत न्यायला हात पुढं केला. मी म्हटलं, असू द्या. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दोन्ही कप मीच प्याले.